दिल्ली ते टोकियो, आठ तास

मुलगी टोकियोत बाळंत होणार होती, म्हणून बायको निघाली. माझ्या रक्तदाबामुळे डॉक्टरांनी मला एवढा प्रवास नको म्हटलं होतं. तोवर ती अमरावतीहून एकटी कुठं गेली असेल तर अकोल्याला, माहेरी. तिथं तिचे वडील एकटेच राहतात. ब्याऐंशी वर्षांचे, जन्मभर शाळेत भूगोल शिकवलेले. त्यांना तिच्या प्रवासाच्या दिवशी सोबत हवी, असं तिनं बजावलं होतं. ती दिल्लीहून उडाली तेव्हा मी अकोल्याच्या एसटीत होतो.

सासऱ्यांनी नकाशावर दोरा ठेवून अंतर काढलेलं होतं. जवळपास सहा हजार किलोमीटर, आठ तास. विमान सकाळी नऊचं, म्हणजे आपल्याकडच्या पाच वाजता ती उतरणार. दुपारभर मी त्यांना मोबाइलवर विमान दाखवत होतो. चीन मागं पडला, समुद्र आला, तसे ते जरा सैल झाले.

पाचला दहा कमी असताना विमान टोकियोजवळ गोल फिरायला लागलं. एक चक्कर, दुसरी, तिसरी. मग पडद्यावरून ते चित्रच गेलं. अंगणात जाऊन मुलीला फोन लावला, तर तिचा नवरा विमानतळावर होता आणि तिथं वादळी वारा होता, एवढंच तिला माहीत होतं. नवव्या महिन्यातल्या पोरीला आणखी काय विचारणार? मी आत येऊन सासऱ्यांना सांगितलं, गर्दी आहे, जरा वेळ लागेल.

साडेपाच झाले. ते माझ्याकडं बघतच नव्हते.

"आठ तासाच्या रस्त्याले तेल किती तासाचं भरतात?" त्यांनी विचारलं.

मला ठाऊक नव्हतं. जास्तीचं भरतातच, असं मी म्हणालो.

"जावईबापू, माह्यापासून काहून लपवून राहिले तुमी?"

मग मी सगळं सांगितलं. माझ्या मनगटावर त्यांनी हात ठेवला, तो थंडगार होता. बायकोला मी ती निघताना धड निरोपही दिला नव्हता, बॅगेच्या वजनावरून चिडलो होतो, तेच सारखं आठवत होतं.

सव्वासहाला अनोळखी नंबरवरून फोन आला.

"मी उतरली," बायको म्हणाली. "पण टोकियो नाही, ओसाका म्हणतात हे. बाबाले सांगा."

मी फोन सासऱ्यांच्या कानाला लावला आणि मोरीत जाऊन नळ सोडला.

दोन महिन्यांनी परतल्यावर तिनं सांगितलं, की विमान खाली-वर आदळत होतं तेव्हा शेजारची जपानी बाई तिचा हात धरून बसली होती. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. फोनही त्याच बाईचा होता.