लाकोट्यांच्या नात्यातले काका

अख्ख्या पुण्यात हा एकच माणूस असेल, ज्याला स्वतःच्या गल्लीतला दूधवाला बदललेला कळत नाही, पण अमेरिकेतल्या कुठल्याशा माळरानावर आज बर्फ पडलं का नुसतं वारं सुटलंय, हे डोळे मिटून सांगता येतं. नारायण पेठेतले काका. माझ्याहून दोनच वर्षांनी मोठे, पण सगळी पेठ काका म्हणते म्हणून मीही म्हणायला लागले. जन्मभर विम्याच्या ऑफिसात कागद सरकवले, आणि मन सगळं तिकडच्या त्या लाकोटा लोकांत. मी त्यांच्याकडे पोळ्या करायला लागले तेव्हा काकू होत्या. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं, "ह्यांना किती वाजले ते विचारू नका हो. आधी तिकडचे सांगतील, मग आपले." भिंतीवर घड्याळंच दोन. सकाळी मी कणीक मळत असायची आणि काका चष्मा कपाळावर ढकलून म्हणायचे, "लाकोट्यांकडे फार हाल चाललेत. म्हाताऱ्या माणसांच्या घरात जळण संपलंय, रस्ते बंद." मला वाटायचं, असतील कोथरूडला कोणी लाकोटे म्हणून, ह्यांच्या नात्यातले. एकदा मी म्हटलंसुद्धा, "मग जाऊन या ना भेटून. डबा देते करून." काकू इतक्या हसल्या की गॅसवरचं दूध उतू गेलं.

मग काकांनी मला समोर बसवून सगळं सांगितलं. मी शिकलेली दुसरीपर्यंत, पण काका सांगायचे असं, की शेजारच्या गावातलं चाललंय असं वाटावं. गोरे तिकडे जायच्या आधीपासूनची ही माणसं. मोठं माळरान, घोडे, गव्यांचे कळप. गव्याचं मांस खायचं, कातड्याचा तंबू करायचा, हाडाची सुई करायची, वाया काही घालवायचं नाही. गोऱ्यांनी गवेच मारून टाकले, म्हणजे माणसं आपोआप वाकतील. डोंगर तुमचेच राहतील म्हणून कागदावर लिहून दिलं, आणि डोंगरात सोनं निघाल्यावर कागद विसरले. "जग त्यांना सू म्हणतं," काका म्हणायचे, "पण ते नाव दुसऱ्यांनी ठेवलेलं. ते स्वतःला लाकोटा म्हणतात, डाकोटा म्हणतात, नाकोटा म्हणतात. आपल्याला काय म्हणायचं ते ज्याचं त्याला ठरवू द्यावं." आणि कोणी चुकून 'ते लोक होते' म्हटलं, की काका ताटावरून उठायचे. "होते नाही, आहेत! आज आहेत, आत्ता आहेत. वकील आहेत, नर्स आहेत, शाळेची बस चालवतात, तुमच्यासारखेच मोबाइल शोधत फिरतात."

ह्याचा फटका बसला खालच्या मजल्यावरच्या रिटायर्ड मास्तरीणबाईंना. त्यांच्या चौथीतल्या नातीला शाळेत वेषभूषेच्या स्पर्धेत रेड इंडियन करायचं होतं. "तुमच्याकडे पिसं-बिसं असतीलच की," म्हणून पोरीला वर पाठवलं. काकांनी तिला खाली पाठवली ती पांढरा कोट घालून, गळ्यात गॅसची जुनी रबरी नळी अडकवून. पोरगी स्टेजवर खणखणीत म्हणाली, "मी लाकोटा आहे. मी दवाखान्यात नर्स आहे. ड्यूटी संपली की मी माझ्या आजीकडून आमची भाषा शिकते." बक्षीस मिळालं कोळीण झालेल्या मुलीला. मास्तरीणबाई तरातरा जिना चढून आल्या. "पिसं नव्हती तर तसं सांगायचं होतं!" काका शांतपणे म्हणाले, "पिसं त्यांच्यात मान म्हणून देतात हो. मोठं काम केल्याशिवाय नाही. आपल्या नातीने अजून काय केलंय?" पुढे कित्येक दिवस दोघं जिन्यात समोरासमोर आले, की एकजण भिंतीकडे बघायचा. बोलणं पुन्हा सुरू झालं ते थंडीत. डिसेंबरात सगळी पेठ माकडटोपी घालून फिरत होती आणि काका बनियनवर. "ह्याला थंडी म्हणता? तिकडे श्वास गोठतो." मास्तरीणबाई दारातून म्हणाल्या, "मग तिकडे जाऊन गोठा. इथे जिन्यात उघडे फिरू नका."

एकदा काकांनी पेढे वाटले. सगळ्या बिल्डिंगला, इस्त्रीवाल्याला, भाजीवालीला. मास्तरीणबाईंनी पेढा हातात घेऊन विचारलं, "काय झालं हो?" काकांचे डोळे भरलेले. म्हणाले, "वासरू झालं." काकांची एक मुलगी, खराडीला कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, तिचे दिवस भरत आले होते. मास्तरीणबाई म्हणाल्या, "अहो, असं काय बोलता लेकीबद्दल?" तर म्हणे लेकीचं नाहीच. लाकोट्यांनी आपल्या जमिनीवर पुन्हा गव्यांचा कळप आणून सोडला होता, आणि त्यात पहिलं वासरू जन्माला आलं होतं. ज्यांना संपवायचं म्हणून मारलं, ते पुन्हा माळावर उभे राहिले, ह्याचा त्या माणसाला असा आनंद, की लेकीला मुलगा झाला तेव्हा पेढे जरा कमीच आले.

हसण्यावारी न्यावं असा माणूस होता, आणि मीही नेलं असतं. पण एक दिवस त्यांनी शाळांचं सांगितलं. लाकोट्यांची लहान लहान पोरं आईपासून तोडून लांबच्या शाळांत नेली. भाषा बोलली की मार. नावं बदलली. आणि पहिल्या दिवशी केस कापले. "त्यांच्यात केस कापतात ते घरात कोणी गेल्यावर," काका म्हणाले. "पोरांना वाटलं, आपली आई मेली." मी पोळी लाटत होते. म्हटलं, "माझेही कापले होते. आठ वर्षांची होते, गावाकडनं इथे एका घरी वरकामाला ठेवलं तेव्हा. उवा असतील म्हणून. नावही अवघड होतं म्हणून दुसरं ठेवलं. आई मेली असं काही वाटलं नाही मला. पण ती मला बघायला आली आणि समोर असून तिने मला ओळखलं नाही, म्हणून मी दारामागे गेले ती बाहेर आलेच नाही." काका म्हणजे वाचलेलं सांगणारा माणूस, त्याला पुढचं सांगता येईना. मग हळूच म्हणाले, "आईने काय नाव ठेवलं होतं?" मी सांगितलं. इतक्या वर्षांत कोणी विचारलं नव्हतं.

काकू गेल्या. मग घरात आम्ही दोघंच, मी ओट्यापाशी आणि ते टेबलापाशी. एकदा म्हणाले, "त्यांच्यात माणसाला नावाने हाक मारणं उद्धटपणाचं. नात्याने मारायची. आणि एकदा मारली की निभवायची." मी म्हटलं, "त्यात काय वेगळं? मला अख्खी पेठ मावशी म्हणते." काका म्हणाले, "हो, आणि मावशीचा कप वेगळा ठेवते." बोलले आणि एकदम उठून फडताळापाशी आले. कोपऱ्यात माझा कप, कान तुटलेला. "म्हणजे माझ्या घरातपण?" मी म्हटलं, "राहू द्या, मला सवयीचा आहे." दुसऱ्या दिवसापासून त्या कपातून काका चहा घ्यायला लागले, आणि मला बशीसकटचा फुलांचा कप. मला मेला त्यात चहा लगेच गार लागायचा. तरी प्यायले.

तेव्हापासून काकांनी मला मावशी म्हणायचं सोडलं. म्हणे, मी वयाने मोठा, तुम्ही माझ्या मावशी कशा? खोटं नातं नको. तिकडे रक्ताचं नसलेलं माणूस चारचौघांसमोर नात्यात घेतात, आणि ते रक्ताच्याहून वरचं मानतात. "तुम्ही माझ्या बहीण." मी म्हटलं, "काका, नात्याचं मला सांगू नका. नवरा बांधकामावर भिंतीखाली गेला, तेव्हा पोरीला कडेवर घेऊन मी सख्ख्या भावाच्या दारात गेले होते. भावजयीने पाणी दिलं. भाऊ मागच्या दाराने शेतात निघून गेला. मी पाणी पिऊन हडपसरची वाट धरली. तोंडाने बहीण म्हणायला काय लागतं?" काका म्हणाले, "बरोबर आहे." बस्स एवढंच.

त्यात बिल्डिंग पाडायची ठरली. लाकोट्यांना म्हणे कोर्टाने डोंगराची भरपाई देऊ केली होती, आणि इतकी गरिबी असून त्यांनी अजून घेतली नाही, डोंगर विकायचा नसतो म्हणाले. हे काका मीटिंगमध्ये बिल्डरला पाऊण तास सांगत बसले, आणि मग सगळ्यांबरोबर सही करून आले. घरी येऊन खुर्चीत बसले. "मी बोलायला लाकोटा, ताई. ती ताकद माझ्यात नाही." मुलीने खराडीला न्यायचं ठरवलं. तिच्याकडे स्वयंपाकाला बाई होती. म्हणजे माझं काम संपलं. कामाचं मला काही नाही, पोळ्या लाटणारीला पुण्यात दुसरं घर मिळतं. पण मनात आलं, की घर गेलं की आता ही बहीण कोणाची? तोंडातनं निघालेला शब्द, वाऱ्यावर गेला की गेला.

निघायच्या आदल्या रविवारी काकांनी अंगणात सतरंजी अंथरली आणि घरातलं सगळं तिच्यावर आणून मांडलं. पितळेची भांडी, मिक्सर, पंखा, काकूंच्या साड्या, गोधड्या, दोन्ही घड्याळं. बिल्डिंग जमली, इस्त्रीवाला आला, भाजीवाली आली. काका उभे राहून म्हणाले, "लाकोटा लोकांत एखाद्या माणसाचा मान करायचा असला, की त्याच्या नावाने घरातलं वाटून टाकतात. त्यांचे मंत्र, त्यांची गाणी त्यांची आहेत, ती मी घेणार नाही. पण माणूस नात्यात घ्यायला आणि वाटायला कोणाची परवानगी लागत नाही. ह्या माझ्या बहीण. त्यांच्या नावाने हे घेऊन जा." आणि माझं नाव घेतलं, आईने ठेवलेलं. मी पदर सावरून खाली बघत राहिले.

आता पुण्याची माणसं, फुकट दिलं तर घेतील होय? "मिक्सर चालू आहे का? लावून दाखवा आधी." "पंखा देताय, पण रेग्युलेटर?" "आमच्याकडेच अडगळ कमी आहे का?" एकजण म्हणाला, "ह्यात काही अट-बिट नाही ना?" काका म्हणाले, "आहे. नाही म्हणायचं नाही." मग हळूहळू हात पुढे आले. माझं लक्ष कुकरकडे. तेवढा मला हवा होता, माझ्या हाताखालचा होता. तो काकांनी इस्त्रीवाल्याला दिला. सतरंजी रिकामी झाली आणि मला काही नाही. मी हळूच विचारलं, "आणि मला?" काका म्हणाले, "ज्याचा मान, त्याला काही मिळत नाही. त्याच्या नावाने बाकीच्यांना मिळतं. तिकडे ज्याच्याजवळ कमी उरतं तो मोठा." मी म्हटलं, "मोठेपणात डाळ शिजते का?" सगळे हसले, काका सगळ्यात जास्त. मास्तरीणबाईंच्या वाट्याला पितळी घंगाळ आलं होतं. "म्हणजे आता आभार कोणाचे मानायचे? तुमचे की ह्यांचे?" काकांनी माझ्याकडे बोट केलं. बाई वळल्या. इतकी वर्षं जिन्यात 'सरका' एवढंच बोलल्या होत्या. म्हणाल्या, "आभारी आहे," आणि घंगाळ घेऊन जायला निघाल्या. मग थांबून म्हणाल्या, "येत जा."

काका खराडीला गेले. श्रावण गेला, गणपती गेले, फोन नाही. मी वाट बघितली असं नाही. वाट बघायची सवय मी मोडलेली आहे.

भाऊबीज आली. भाऊ नसला की बाई चंद्राला ओवाळते. मी किती वर्षं तेच करत आले. संध्याकाळी निरांजन लावून ताट घेऊन खोलीबाहेर आले, तर बोळाच्या तोंडाशी रिक्षा, आणि रिक्षावाल्याशी कोण तरी हुज्जत घालतंय. काका. वाळून काटकी झालेले, हातात काठी. मला बघून म्हणाले, "पाकीट घरी राहिलं हो. आणि ह्याला पटत नाही." भाऊबीजेला भाऊ आला, आणि रिक्षाचं भाडं बहिणीने दिलं. आत घेतलं. पाटावर बसवलं. ओवाळलं. ओवाळणीला खिसे चाचपले, काही निघालं नाही, तर म्हणाले, "बातमी देतो. तिकडे बालवाडीतली पोरं आता आज्यांकडून लाकोटा शिकतात. परवा मोबाइलवर ऐकली, चिमणीएवढी पोर आजीला तिच्या भाषेत हाक मारत होती." मी म्हटलं, "बरं झालं." खरंच बरं वाटलं. मग मी वाढलं. "तुमचंही पान घ्या," म्हणाले. मी घेतलं. त्यांच्या घरी कधी त्यांच्यासमोर जेवायला बसले नव्हते. अडीच पोळ्या खाल्ल्या, भाजीला मीठ कमी आहे म्हणाले. सख्खा भाऊ म्हणतो तसं म्हणाले.

काकांची लेक गाडी घेऊन शोधत आली, न सांगता निघाले म्हणून रागावली, मला नमस्कार करून त्यांना घेऊन गेली. शेजारीण दारात उभी. "कोण गं?"

"माझा भाऊ."

"तुला भाऊ आहे? एवढी वर्षं कुठे होता मग?"

"अमेरिकेत," मी म्हटलं. त्यात खोटं काहीच नव्हतं.

आत आले. जन्मभर दुसऱ्यांची ताटं उचलली, जेवण उरकलं की लगेच. त्या दिवशी मात्र समोरासमोरची ती दोन ताटं मी बराच वेळ तशीच राहू दिली.