सोडवलेली कुस्ती

भोरच्या आमच्या हायस्कुलातले तालीम मास्तर निवृत्त झाले तेव्हा त्यांच्यावर भाषण करायला अकरा माणसं तयार होती आणि जेवणाला तांदूळ द्यायला मी एकटा. तेव्हा समारंभ कसा व्हावा यात माझं म्हणणं ऐकून घ्यावं लागेल, असं मी कमिटीच्या पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं. कमिटीने लगेच माना डोलावल्या. लढाईचे, टंचाईचे दिवस होते, आणि माझा आंबेमोहोर सगळ्यांनी चाखलेला होता.

माझं म्हणणं एकच होतं. शाळेच्या तालमीत भिंतीवर एक शिसवी फळी आहे. जत्रेच्या मैदानात ज्या पोराने समोरच्याला चीत केलं, त्याचं नाव मास्तर पांढऱ्या रंगाने तिच्यावर स्वतः लिहीत. आम्ही त्यांना मास्तर म्हणत नसू, वस्ताद म्हणत असू. त्यांच्या हाताखालून गेलेली पोरं पुण्या-साताऱ्याच्या मैदानांतून फेटे घेऊन आली, कुणी पोलिसात गेली, कुणी पलटणीत. फळी भरली, खाली दुसरी जोडली, तीही भरत आली. दोन्ही फळ्यांवर माझं नाव नाही. वस्ताद जायच्या आत ते लिहिलं जावं, एवढंच मला हवं होतं. अठरा वर्षं हवं होतं.

मी पासलीचा. भोरला शिकायला आलो तो डोंगर उतरून, डोक्यावर तांदळाचं गाठोडं घेऊन. ते गाठोडं दाखवून एका खानावळवाल्या बाईशी दुपारभर घासाघीस केली आणि वर्षभराच्या जेवणाची सोय लावली. भाव करणं मला कुणी शिकवलं नाही. पुढे सारोळ्याला पुलाजवळ वखार टाकली तीही याच एका विद्येवर. पण या विद्येत मला पुरून उरलेला माणूस एकच, तो म्हणजे वस्ताद, आणि हेसुद्धा मला फार उशिरा कळलं.

पहाटे तालमीत गेलो की वस्ताद म्हणत, "पाचशे जोर."

मी म्हणे, "दोनशे."

"चारशे."

"अडीचशे, आन् वर हौद्यातली माती खणतो."

"तीनशे आन् माती. चल, वाक."

रोज हा सौदा व्हायचा आणि रोज मी दोनशे जोर वाचवल्याच्या आनंदात वाकायचो. दोन वर्षांनी कळलं की बाकीच्या पोरांना वस्ताद पहिल्यापासून तीनशेच सांगत. आखाड्याची ती माती मी एकटाच खणत होतो.

तालमीचे दोन दंडक होते आणि माझ्या कथेला ते दोन्ही लागतात. पहिला असा: जत्रेआधी प्रत्येकाने नवा लाल लंगोट शिवून घ्यायचा, तो मारुतीपुढे ठेवायचा आणि मैदानात तोच नेसायचा. शिंपी ठरलेला. बाजारातला एक दमेकरी म्हातारा, वस्तादांच्या बालपणाचा सोबती. त्याच्याशी भाव करायचा नाही. दुसरा दंडक असा: पडलेल्या गड्याने चारचौघांत "मी पडलो" म्हटल्याशिवाय जिंकलेल्याचं नाव फळीवर चढायचं नाही.

दुसरा दंडक मी कधी मोडला नाही. मोडायची वेळच आली नाही. पहिला मोडला. शिंप्याने सांगितलेल्या भावात लंगोट घेणं मला जमेना. मी त्याच्या ओट्यावर बसलो ते उन्हं कलली तरी उठलो नाही. कापडाला नावं ठेवली, शिलाईला नावं ठेवली, दुसरा शिंपी स्वस्त देतो म्हणालो. शेवटी म्हाताऱ्याने कात्री खाली ठेवली, खोकला आवरला आणि म्हणाला, "बरं बाबा, तू म्हणशील तसं. त्या पैशात बसतो तसाच शिवून देतो." मी बाजारातून परत येताना नाचत आलो.

जत्रा वेल्ह्याच्या बाजूची होती. मैदानाच्या तिन्ही अंगांना डोंगराचा उतार, त्यावर माणसं दाटीवाटीने बसलेली. एका अंगाला सगळ्या बायका. खाली खुर्च्यांवर मामलेदार आणि भोर दरबारचे दोन कारभारी. माझी जोड एका धनगराच्या पोराशी लागली होती. डोंगरावरच्या धनगरवाड्यातला, मेंढरामागे दिवसाला दोन डोंगर चढणारा, मांड्या नुसत्या उखळासारख्या. आमचे पंच खुद्द वस्ताद.

पहिली काही मिनिटं त्याने मला मैदानभर ढकलत नेलं, हे मी कबूल करतो. मग मी पट काढला, त्याला खाली घेतला, पाठीवर बसलो आणि घिस्सा भरला. घिस्सा म्हणजे खालच्या गड्याला मांडीने नि हाताने रेटत उलटा करायचा. तो दगडासारखा होता. पण एकाएकी त्याचं अंग सैल पडलं. मला वाटलं, दम संपला. मी रेटला. एक खांदा मातीला लागला. दुसरा वीतभर वर होता. शेवटचा हिसका द्यायला मी श्वास घेतला, आणि माझ्या पाठीवर थाप पडली.

"सोडा. बरोबरी," वस्ताद म्हणाले.

माझा कानांवर विश्वास बसेना. वस्तादांनी आपल्या डोक्याचा फेटा काढला आणि माझ्या कमरेला गुंडाळला, चांगला करकचून. फेटा जिंकलेल्याच्या डोक्याला बांधतात. यांनी न जिंकलेल्याच्या कमरेला बांधला. तसाच दंड धरून मला देवळामागे नेलं आणि धोतर आणायला गेले. मी रागाने तो फेटा ओढून काढला. त्याच हिसक्यात लंगोटाचा बंद तुटला आणि लंगोटही हातात आला. मी दोन्ही घाणेरीच्या झुडपात भिरकावले. माझा राग असा आहे की तो आला म्हणजे बाकी कशाचा विचार करायला जागा ठेवत नाही.

त्या दिवसानंतर मी हौद्यात उतरलो नाही. शाळा पुरी केली, धंद्याला लागलो, लग्न केलं, वखार बांधली. वस्ताद भेटले की वाकून नमस्कार करायचा आणि मनात म्हणायचं, वीतभर राहिली होती.

समारंभाच्या आदल्या दिवशी दुपारी मी त्यांच्या घरी गेलो. सामानाची बांधाबांध चालली होती. त्यांचं गाव भाटघरच्या अंगाला, तिकडे जाऊन शेती बघायची होती. आत वस्तादांच्या मंडळी, आमच्या काकी, भांडी गोणपाटात गुंडाळत होत्या.

"या तांदूळवाले," वस्ताद म्हणाले. "किती पोती आणतोस?"

"पोत्यांचं नंतर. आधी नाव."

"कसलं नाव?"

"फळीवरचं."

वस्ताद हातातली दोरी ठेवून माझ्याकडे बघत राहिले. "तू अजून थितंच बसलाईस व्हय?"

"ती कुस्ती माझी हुती, वस्ताद. तुमी सोडवली. आमी आजवर बोललो न्हाई, आज बोलतो. नाव लिवा, मग चूल पेटंल."

वस्ताद उठले. आत गेले. पेटीचं झाकण वाजलं, काकी काहीतरी पुटपुटल्या, आणि वस्ताद एक विटक्या लाल कापडाची गुंडाळी घेऊन बाहेर आले.

"वळखतोस?"

"माझा लंगोट. रागात तोडला हुता म्या."

"तू तोडला न्हाईस. बघ नीट."

मी बघितलं. बंद तुटलेल्या जागी कापड विरलेलं होतं. जुन्या लुगड्याच्या पट्टीचा बंद लावलेला, तोही एकेरी. धंद्यात इतकी वर्षं गोणपाट बघतोय, कापड हिसक्याने फाटतं कसं आणि उसवत उसवत जातं कसं, हे मला ओळखता येतं. हे उसवत गेलेलं होतं.

"तू घिस्सा भरत हुतास आन् हिकडं ह्यो सुटत चालला हुता," वस्ताद म्हणाले. "म्या मागं उभा. एका धाग्यावर आला हुता. हिसका दिला असतास, त्यो चीत झाला असता. मग तू उटला असतास, दोन्ही हात वर करून. आता इचार कर, कसा दिसला असतास."

मी विचार केला. खुर्चीत मामलेदार. उतारावर सगळ्या बायका. माझ्या कपाळाला घाम आला, अठरा वर्षं उशिरा.

"मग सांगितलं का न्हाई?"

"सांगून? तू सरळ त्या म्हाताऱ्याच्या दुकानात गेला असतास. त्याला आधीच दमा. त्यानं मला त्याच सांजेला सांगितलं, पोरानं दिल्या पैशात नवा बंद बसंना म्हणून जुना लावला. आन् पोरांनी तुला काय नाव पाडलं असतं, त्ये तुलाबी म्हाईत हाय."

आतून काकी म्हणाल्या, "अठरा वर्सं माझ्या लुगड्यांच्या पेटीत हाय त्ये. द्या आता ज्याचं त्याला."

दुसरा कुणी असता तर पाय धरून परत आला असता. पण मी सौद्याला बसलो होतो आणि सौद्यातून रिकाम्या हाताने उठायची मला सवय नाही. मी म्हणालो, "कारण काय बी असू द्या. हिसका दिला असता तर पाठ टेकली असती का न्हाई?"

"टेकली असती."

"मग नाव लिवा."

"सोडवलेली कुस्ती निकाली कशी, असं कुनी इचारलं तर?"

"पंचाची चूक झाली म्हणा."

वस्तादांनी मिशीवरून हात फिरवला. "म्हणतो. पन तालमीचा दंडक हाय. पडलेल्या गड्यानं पडलो म्हणाया पायजे. त्या धनगराला बोलावून घे."

"आन् लंगोटाची गोष्ट तुमी काढायची न्हाई."

"म्या? म्या कशाला काढू?"

सौदा ठरला. वस्ताद आजवर इतक्या सहज कधी उतरले नव्हते, हे माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. पण मी खुशीत होतो. तसाच वेल्ह्याकडे माणूस धाडला.

दुसऱ्या दिवशी धनगर आला. आता चांगला पोक्त झालेला, पोट सुटलेलं, वस्तादांना द्यायला नवी कोरी घोंगडी खांद्यावर. मला बघून त्याने इतकं मोठं हसून रामराम केला की मला त्याचं कौतुक वाटलं. हरलेल्या माणसाने असं मोठ्या मनाने भेटावं, असं मी मनात म्हणालो.

अकरा भाषणं झाली. हेडमास्तरांचं सगळ्यांत लांबलं. मग वस्ताद उठले. फळी मांडवात आणून उभी केली होती. हातात रंगाची वाटी आणि कुंचला घेऊन ते म्हणाले, "जायच्या आधी एक काम ऱ्हायलंय. एक कुस्ती म्या सोडवली हुती. तवा सोडवायला नको हुती, असं त्या गड्याचं म्हणनं हाय. पंचाची चूक झाली असंल. चूक झाली असंल तर नाव लिवायचं. पन ज्याची पाठ लागली, त्यानं सांगावं."

सगळा मांडव धनगराकडे बघू लागला. मी छाती काढून उभा होतो.

धनगर उठला, पागोटं सारखं केलं. "पडलोच असतो वस्ताद," तो म्हणाला. "पन खरं सांगू का?"

"खरंच सांग," वस्ताद म्हणाले.

"मला हसू आवरंना. उलटा व्हताना मान वाकडी झाली आन् खालनं मला समदं दिसाया लागलं. म्या मेलो हसून. अंगात बळच ऱ्हाईना. न्हाईतर ह्यो मला उलटा करणार हुता व्हय?"

मी त्याला मानेने नको नको म्हणत होतो. त्याला वाटलं मी दाद देतोय.

हेडमास्तर सरळ मनाचा माणूस. त्यांनी पुढे वाकून विचारलं, "काय दिसायला लागलं?"

धनगराने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा पुढच्या रांगेत काकींशेजारी बसलेल्या मास्तरणींकडे. "साहेब," तो म्हणाला, "त्ये जेवल्यावर सांगतो."

वस्ताद कुंचला रंगात बुडवून माझ्याकडे वळले. चेहऱ्यावर एक रेघ हलली नव्हती. "मग? लिवू?"

शंभर-दोनशे माणसं माझ्याकडे बघत होती. अठरा वर्षं ज्या रंगाची वाट बघितली तो कुंचल्यावरून ठिपकत होता. नाव लिहिलं की पुढच्या प्रत्येक पोराने विचारायचं, ही कुस्ती सोडवली का होती, आणि कुणीतरी सांगायचं.

"ऱ्हाऊ द्या," मी म्हणालो. "भात निवतोय."

"अर्धं लिवू का?"

"ऱ्हाऊ द्या म्हणलं ना वस्ताद."

"बरं. तू म्हणशील तसं," वस्ताद म्हणाले आणि कुंचला पुसून ठेवला.

धनगर शब्दाचा पक्का निघाला. जेवल्यावर त्याने सांगितलं. हातवारे करून, उठून, वाकून, मान वाकडी करून सांगितलं, आणि हे सगळं माझाच भात खाऊन. हेडमास्तरांना ठसका लागला, त्यांना पाणी द्यावं लागलं. माझं टोपणनाव त्याच पंगतीत पडलं. ते मी इथे लिहिणार नाही.

फळी अजून तशीच आहे. तालमीतल्या पोरांना जत्रेआधी लंगोट मी देतो, त्या म्हाताऱ्याच्या मुलाकडून शिवून, तो सांगेल त्या भावात. भोर-वेल्ह्यात एवढा एकच व्यवहार असा आहे की ज्यात मी तोंड उघडत नाही. तो मुलगा बंद दुहेरी लावतो आणि मला ओढून दाखवतो.

वस्तादांवर माझा राग उरला नाही. तो धनगरावर आहे. हसू आलं म्हणून माणसाने कुस्तीत सैल पडावं, हे कोणत्या तालमीत शिकवतात? तो नेटाने लढला असता तर मला तरी कळलं असतं की मी त्याला पाडू शकत होतो की नाही. दरवर्षी लोकर विकून परतताना तो सारोळ्याला माझ्या वखारीत तांदूळ घ्यायला येतो आणि मी त्याच्याशी जितका भाव ताणता येईल तितका ताणतो. तो बिचारा हसत देतो. त्यानेही माझं पित्त खवळतं.

मी त्याला दर वेळी म्हणतो, एकदा पुन्हा होऊन जाऊ दे. आता दोघांचीही पोटं सुटलीत, पण मी मागे हटणारा नाही.

"होऊ दे की," तो म्हणतो. "पन लंगोट म्या आणतो."