शपथेच्या दिवशीचा आकडा

"वहिनी, आकडा शपथेच्या दिवशीचाच पाठवायचा, ही तुमच्याच कचेरीची पद्धत ना? मग आता नाक का मुरडताय?" धाकट्या दिरानं तिसऱ्यांदा तेच विचारलं आणि रिकामं ताट पुढं सरकवलं. त्याच्या बायकोनं ते उचललं.

"तेरा जणींच्या तब्येती एकाच मंगळवारी बिघडल्या भावजी, म्हणून मुरडतेय."

संसदेच्या माहिती विभागात तिला सगळे आकडेबाई म्हणत. सभागृहात बायका किती हे मोजायचं आणि जगभरच्या संसदांच्या तक्त्यासाठी आकडा पाठवायचा, हे काम एकोणीस वर्षं तिच्याकडं होतं. इथं उमेदवाराच्या अर्जावरच पर्यायी सदस्याचं नाव असे; निवडून आलेल्यानं राजीनामा दिला की पोटनिवडणूक न होता तोच त्या जागी बसे. यंदा ब्याण्णव बायकांनी शपथ घेतली, फोटो निघाले, सभापती खूश झाले. आठवड्याच्या आत तेरा जणींचे राजीनामे आले. सगळ्यांत तब्येतीचंच कारण, मजकूर शब्दन् शब्द तोच. त्यांच्या जागी कुणाचा नवरा बसला, कुणाचा भाऊ. तेरावा राजीनामा तिच्या धाकट्या जावेचा होता, आणि सभागृहातली जावेची खुर्ची आता समोर मिशीला लागलेलं ताक पुसणाऱ्या या दिराची होती.

मागच्या खेपेला अशा सहा होत्या. तेव्हा तिनं शपथेच्या दिवशीचाच आकडा पाठवला होता, वर शाबासकीचं पत्रही घेतलं होतं. त्या पत्राची तिला आता दिरापेक्षा जास्त किळस येत होती.

"तुला काय पडलंय?" नवरा म्हणाला. "निवृत्तीला चार वर्षं राहिलीत. तळघरातल्या जुन्या फायलींत नेऊन बसवतील."

"आणि खुर्ची घरातच राहिली की," सासूबाई म्हणाल्या. "ती बसली काय, हा बसला काय."

तिनं जावेकडं पाहिलं. "तुला बसायचं होतं का गं?"

जावेनं नळ बंद केला. "एक दिवस बसले ताई. माझं नाव पुकारलं, तर कुणाला बोलावतायत ते आधी कळेचना. घरात नावानं हाक कोण मारतं? दुसऱ्या दिवशी विचारायला एक प्रश्न लिहून ठेवला होता. बाळंतिणींच्या दवाखान्यात पाणी नसतं, त्याचा."

दीर खो खो हसला. "बाळंतिणींचा! बरं, दे तो कागद, वेळ मिळाला तर मीच विचारीन."

सासूबाईही हसल्या. नवरा हसला नाही, पण त्यानं मान खाली घालून भात कालवला, आणि तेच तिला सगळ्यांत ओंगळ वाटलं. तिनं आपलं ताट तसंच बाजूला सारलं.

"तक्ता उद्या सकाळी जाईल," ती म्हणाली. "त्यात एकोणऐंशी लिहिणार आहे. खाली तेरा जणींची नावं, आणि कुणाच्या जागी कोण बसलं तेही. सही माझी असते."