थोडं जास्त रक्त

मोहन्याहून आलेले ते बाबा दिसेल त्या सिस्टरला विचारायचे, "जेवलात का?" स्वतः मात्र चहा-पावावर. त्यांचा मुलगा आमच्या आयसीयूत व्हेंटिलेटरवर होता. अशा मुलांचा आजार बळावताना रक्तातलं नायट्रिक ऑक्साइड वाढतं का, ते आम्ही एका संशोधनासाठी बघत होतो. रोजच्या तपासणीसोबत थोडं जास्त रक्त हवं होतं, म्हणून मी बाबांची परवानगी मागितली.

"याने माझा बरा होईल?"

"नाही. पुढच्या मुलांना कदाचित उपयोग होईल."

ते काचेतून बघत राहिले. "याला चाललेल्या औषधासाठीपण कुणाच्या तरी पोराने दिलं असेल ना, सिस्टर. घ्या."

मी वळले, तर म्हणाले, "हात जरा चोळून लावा. थंड हाताला दचकतो तो."

कित्येक दिवसांत तो कशालाच दचकला नव्हता. मी दारातच हात चोळत उभी राहिले.