डाव्या हाताचा पेपर

गोंदिया जिल्ह्यातील तमाम साक्षर जनतेस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, माझ्या सासऱ्यांइतका ताठ मानेचा निरक्षर या भूमीवर झाला नाही. आम्ही त्यांना मामाजी म्हणतो. एरवी अंगठेबहाद्दर माणूस चष्मा घरी राहिल्याचं सांगतो, मामाजी दवाखान्यात फॉर्म पुढे सरकवून खणखणीत आवाजात म्हणत, "मॅडम, मी अनपढ आहो. तुमी लिवा, मी सांगतो." मागे उभा असलेला मी, पेशाने शिक्षक, भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागे.

हा ताठा त्यांनी मस्कतहून आणला होता. तिथे ते बारा वर्षं गवंडी होते. साइटवरचा अरब चौकीदार, नातवंडं असलेला म्हातारा, रोज संध्याकाळी दप्तर घेऊन प्रौढांच्या शाळेत जायचा आणि आपण दुसरीत असल्याचं भेटेल त्याला सांगायचा. "इमारती आमी बांधून राहिलो होतो," मामाजी आमच्या कुडवा गावच्या चहाटपरीवर सांगत, "अन् ते म्हातारे सांच्याले शाळेत जाऊन सोताले बांधून राहिले होते."

त्यामुळे, कुडव्यात मला प्रौढांचा साक्षरता वर्ग मिळाला तेव्हा, पहिल्या रांगेत दप्तरासकट मामाजी. त्यांनी माझा अंत पाहिला. अक्षराची उभी रेघ भिंतीसारखी ओळंब्यात नसली की ते अख्खी ओळ खोडत. बाकीचे वाक्यांवर गेले तरी हे 'क' वरच. घाई केली की म्हणत, "पाया कच्चा ठेवून भित उचलता का, जवाईबापू?"

परीक्षा रविवारी होती. माझा एकूण एक विद्यार्थी बसणार आणि पास होणार, असं मी वरती कळवून बसलो होतो. आणि मामाजी आदल्या दिवशी सालेकशाला नात्यातल्या लग्नाला गेले. पंगत सोडून हा माणूस उठणार नाही, अशी माझी खात्री. मग रविवारी, बाकीचे लिहीत असताना, मी एका कोपऱ्यात बसून त्यांचा पेपर डाव्या हाताने सोडवला, अक्षर नवशिक्याचं दिसावं म्हणून. खोटं कशाला सांगू, मजा आली. कलाकारीच्या भरात दोन गणितं मुद्दाम चुकवलीसुद्धा.

पेपर गोळा करून गठ्ठा टेबलावर ठेवला, तपासणीचे साहेब शेजारी उभे, आणि मामाजी दारात. घामाघूम, केसांत अक्षता, खांद्याला दप्तर.

"अक्षता टाकल्या अन् निंगालो. जेवलो नाही. द्या माहा पेपर."

"तुमचं झालं, मामाजी," मी पुटपुटलो. "तुम्ही पास."

"झालं? कवा?"

त्यांनी गठ्ठा ओढला आणि एकेका नावाखाली बोट फिरवत स्वतःचं नाव शोधून काढलं. मी न शिकवलेलं काही वाचताना त्यांना प्रथमच पाहत होतो. मग पेन काढून माझ्या वेड्यावाकड्या अक्षरांखाली त्यांनी आपलं नाव लिहिलं. एकेक रेघ ओळंब्यात. साहेबांनी दोन्ही नावं पाहिली, मग मला. त्या भिंतीवर कॅलेंडर नव्हतं.

पुढच्या खेपेला मामाजींनी रीतसर परीक्षा दिली आणि ते पास झाले. आता ते रोज वर्तमानपत्र मोठ्याने वाचतात. त्या दिवसाबद्दल त्यांनी आपल्या लेकीला, म्हणजे माझ्या बायकोलाही, आजवर काही सांगितलेलं नाही. जे बोलायचं होतं ते त्यांनी तेव्हाच, सगळ्या वर्गासमोर, बोलून टाकलं होतं:

"एवढं घान अक्षर माह्यं नाही, जवाईबापू."