चेटकिणीची बहीण

आज खंडेनवमी. पूजेसाठी माग पुसायला घेतला आणि तेलाच्या वासाबरोबर काही वर्षांपूर्वी टीव्हीवर लागणारी ती तलवारी-जादूटोण्याची मालिका आठवली. मालिका बेताचीच होती; तलवारी पत्र्याच्या, आणि चेटकिणीचा केसांचा टोप वादळातही हलायचा नाही. वडगावच्या आमच्या घरात माग चालू असला की शेजारी उभ्या माणसाचं बोलणंही ऐकू येत नाही, त्यामुळे विणता विणता मला दारातून नुसती चित्रं दिसायची. मोठी जाऊ टीव्हीसमोर बसून मागासाठी सुताच्या कांड्या भरायची आणि जेवताना मला गोष्ट सांगायची. "ती चेटकीण राणीची थोरली बहीण हाय गं. धाकटीचा शाप तिनं आपल्या अंगावर घेतलाय." ते मला इतकं लागलं, की भांडून बोलणं सोडलेल्या माझ्या संकेश्वरच्या धाकट्या बहिणीला मी आपणहून फोन केला आणि दसऱ्याला बोलावलं. त्या वर्षीच्या नवमीला पूजेसाठी माग बंद होता, म्हणून शेवटचा भाग मी पहिल्यांदाच कानांनी ऐकला. चेटकीण राणीची कोणीच नव्हती. तिला फक्त मुकुट हवा होता. "आक्का, मला फसवलंसा व्हय?" मी विचारलं. कांड्या आवरत जाऊ म्हणाली, "त्यात सांगण्यासारखं काय न्हवतंच. आन बहिणीला फोन कर म्हटलं असतं, तर ऐकलं असतंस?" तो राग अजून पुरता गेलेला नाही. पण त्या वेळी दुसऱ्या दिवशी, दसऱ्याच्या सकाळी, मी स्टँडवर जाऊन बहिणीला घेऊन आले, आणि सोनं वाटताना आपट्याची पानं जावेच्या हातावर सगळ्यात शेवटी ठेवली.