कुंपणावरचा नर वेल

दर पावसाळ्यात आमच्या कुंपणावर करटोलीचा रानवेल चढतो, पिवळ्या फुलांनी नटतो आणि भाजीला एकही फळ देत नाही. काल बायकोनं निकाल दिला. "नर आहे मेला. नुसता मिरवतो. उपटून टाका." बोलताना नजर मात्र माझ्यावर!

मी खुरपं घेतलं. पण हल्ली खुरप्याचंही ओझं होतं, म्हणून आधी पायरीवर टेकलो. संध्याकाळची फुलं उमलत होती. तेवढ्यात कुंपणापलीकडून एक हात आला आणि फूल खुडू लागला.

"वहिनी, डोळ्यांदेखत चोरी?" मी आवाज चढवला.

शेजारच्या सुमनवहिनी दचकल्या, मग हसल्या. "भाऊजी, आमचा वेल मादी आहे. तुमचं फूल तिच्या फुलावर टेकवलं, की करटोली धरतात. रोज नेते मी."

दमलेला माणूस आपल्याच अंगणात फळं शोधतो आणि काही दिसलं नाही की आणखी दमतो. पलीकडे काय धरलं, हे त्याला कोण सांगणार?

"उपटलात का?" आतून आवाज आला.

"दमलोय गं," मी म्हणालो आणि वहिनींचा हात पोचत नव्हता तिथलं एक फूल खुडून त्यांना दिलं.